पायांचा मान

चैत्र महिन्यांत धुळ्याहून मालेगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सप्तशृंगीच्या यात्रेकरूंची रीघ लागते. खानदेशांतील असंख्य घराण्यांची ही कुलस्वामिनी. चैत्री पौर्णिमेस तिच्या गडावर पोंचावयाचें म्हणून जळगांव, अमळनेर, धुळें, शिरपूर या बाजूंचीं माणसें घरापासून पायीं निघतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं अनवाणी चालतात. ऊन तर खानदेशाचें. चैत्रांतच पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि दुपारीं डांबरी रस्त्यावर उघडें पाऊल ठरत नाहीं. वाटेवरच्या गांवांतले लोक मांडव घालून ताक-सरबत देतात. एवढ्यावरच ते थांबत नाहींत. कोण कुठला यात्रेकरू. त्याला खाटेवर बसवून त्याचे पाय धुतात, तळव्यांना तेल चोळतात, फोडांना मलम लावून पट्टी बांधतात. आषाढीपूर्वीं मुक्ताईनगराहून निघून सुमारें ७०० किलोमीटरांची वाट चालत पंढरपुरास जाणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबरच्या वारकऱ्यांचीहि अशीच सेवा होते.

आतां त्याच गांवांतली दुसरी एक वाट पाहावी. कार्तिक-मार्गशीर्षांत कापसाच्या वेचणीहून बायका संध्याकाळीं घरीं परततात. काळ्या मातीनें टाचांच्या भेगा भरलेल्या असतात. कोणाच्या तळव्यांत पऱ्हाटीचें खुंट रुतलेलें असतें, केळीच्या बागेंत पाणी भरणाऱ्या गड्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. या पायांसाठीं मांडव नाहीं, तेल नाहीं, खाट नाहीं. ज्या हातांनीं चैत्रांत परक्याचे पाय चोळले, ते हात घरच्या पायांकडे वळत नाहींत. लोक दुष्ट आहेत म्हणून असें होतें, असें म्हणतां येणार नाहीं. पायांसंबंधीं समाजाच्या मनांत जी एक जुनी गुंतागुंत आहे, तिचा हा परिणाम आहे.

मराठी भाषेंत पाय हा शब्द जितका वर चढतो, तितकाच खालीं उतरतो. थोरांच्या पायां पडावयाचें, पाहुण्यास 'एकदां पायधूळ झाडा' म्हणून विनवावयाचें, वडिलांच्या पत्राच्या मायन्यांत त्यांचे 'चरण' आणल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं. उलट कोणाची किंमत उतरवावयाची असेल तर तो पायपोस. आणि 'पायांतली वहाण पायांतच बरी' ही म्हण तर वहाणेपेक्षां माणसांनाच अधिक वेळां लावली गेली आहे. पुस्तकाला, दाण्याला, शेजाऱ्याच्या अंगाला पाय लागला तर हात जोडून क्षमा मागणाऱ्या घरांतच देवघरांत पादुका असतात. नृसिंहवाडी आणि गाणगापूर येथें तर दत्ताच्या पादुकांचीच पूजा होते. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालविलें, ही कथा तर लहान मुलांनाहि ठाऊक असते.

या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात खऱ्या, पण त्या एकाच हिशेबांतल्या आहेत. नमस्कारांत आपल्या शरीरांतलें सर्वांत उच्च मानलेलें अंग दुसऱ्याच्या सर्वांत नीच मानलेल्या अंगावर ठेवावयाचें असतें. पाय नीच मानला नसता तर त्या लवण्याला मोल आलें नसतें. म्हणजे नमस्कारानें पायांचा मान वाढत नाहीं. पायांच्या धन्याचा वाढतो. पाय बिचारा पूर्वीं होता तेथेंच राहतो.

हाच हिशेब समाजाच्या रचनेंतहि उतरला. विराट् पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण व पायांपासून शूद्र झाल्याचें पुरुषसूक्त सांगतें, आणि त्या रूपकाचा आधार पुढें हजारों वर्षें माणसांना पायरी दाखविण्यास घेतला गेला. जे या उतरंडीच्याहि बाहेर धरले गेले, त्यांनीं वरिष्ठांच्या आळींतून जातांना वहाणा हातांत घ्याव्या, असा दंडक अनेक गांवांत होता. ज्यांनीं सर्वांसाठीं कातडें कमावलें व जोडे शिवले, त्यांचा स्पर्श मात्र विटाळ ठरला. जोड्याशिवाय कोणाचें चालत नव्हतें आणि जोडे शिवणारा जवळ चालत नव्हता.

या उतरंडीचा एक विदारक दाखला खानदेशांतच घडला. १९२९ सालीं मुंबई सरकारनें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास नेमलेल्या समितीचे एक सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एका गांवांत सवर्णांनीं अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते धुळ्याहून मुंबईस परतत असतांना चाळीसगांव स्टेशनवर उतरले. तेथल्या अस्पृश्य मंडळींनीं एक रात्र राहण्याचा आग्रह केला, आणि बऱ्याच वेळानें एक टांगा आला. त्या दिरंगाईचें कारण बाबासाहेबांना मागाहून कळलें. अस्पृश्य उतारूचा टांगा हांकणें कोणाहि टांगेवाल्यास आपल्या प्रतिष्ठेला शोभणारें वाटेना. अखेर तडजोड अशी निघाली कीं, टांगा भाड्यानें मिळेल, पण टांगेवाला हांकणार नाहीं. मंडळींपैकींच एकानें लगाम हातीं घेतले. त्याला ती कला अवगत नव्हती. नदीवरच्या फरशीच्या पुलाशीं चाक अडकून टांगा कोलमडला, घोडा टांग्यासह खालीं गेला, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. विलायतेंत शिकून आलेल्या बॅरिस्टरापेक्षांहि एखादा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजूं शकतो, हें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. पायांपासून जन्मल्याच्या रूपकाला कोणी निरुपद्रवी काव्य म्हणत असेल, तर त्यानें चाळीसगांवचा तो पूल आठवावा.

स्त्रियांच्या वांट्याला या हिशेबांतला आणखी एक भाग आला. नवी नवरी उंबरठ्यावरचें माप उजव्या पायानें लवंडून घरांत येते, तेव्हां ती लक्ष्मीच्या पावलांनीं येते. त्या वर्षीं पीक बरें आलें तर तीं पाउलें लक्ष्मीचींच ठरतात. पण सासरा आजारी पडला, बैल मेला, दुकानांत खोट आली, कीं तीच मुलगी 'पांढऱ्या पायाची' होते. दुखण्याला कारण दूषित पाणी, खोटीला कारण बाजारभाव. पण दोष मात्र अठरा-वीस वर्षांच्या एका मुलीच्या पायांना. हें विशेषण पुरुषालाहि लागतें, परंतु किती क्वचित् लागतें हें प्रत्येकानें आपल्या आठवणींत शोधून पाहावें. विधवा झालेल्या किती तरी मुलींनीं हे दोन शब्द जन्मभर वागविले. शिकलेल्या घरांतून आतां ते उघड उच्चारले जात नाहींत. 'हिचें येणें लाभलें नाहीं' असें सौम्य करून बोलतात. शब्द सौम्य झाला म्हणून घाव सौम्य होत नाहीं.

मुलगी पाहावयास गेलेली मंडळी पूर्वीं तिला चालून दाखविण्यास सांगत. अंगठ्याशेजारचें बोट अंगठ्याहून लांब असलें तर ती नवऱ्यावर वर्चस्व गाजवील, अशी समजूत होती आणि अजूनहि ती समूळ गेलेली नाहीं. वस्तुतः तशी ठेवण कित्येक स्त्रीपुरुषांच्या पायांची जन्मतःच असते. आखाजीच्या सणाला माहेरीं आलेल्या लेकीचा चेहरा आई न्याहाळते, अंगावरचें लुगडें पाहते. पाय पाहिलेच तर जोडवीं आहेत कीं नाहींत एवढेंच पाहते. पायाळू जन्मलेल्या माणसाची लाथ लागली कीं उसण उतरते असेंहि लोक मानतात. बाळ पायांकडून जन्मतांना आई व बाळ या दोघांच्या जिवावरचें संकट असतें, याची आठवण त्या कौतुकांत कोणास राहत नाहीं.

आणि तरीहि हाच पाय सौंदर्याचा विषय झालेला आहे. त्याविषयीं चारचौघांत बोलण्याचा आपल्याकडे संकोच असला तरी पूर्वजांना तो नव्हता. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाचा तिसरा अंक जवळजवळ सारा एका पायाभोंवतीं फिरतो. सुंदर स्त्रीच्या पायाचा आघात झाल्यावांचून अशोक फुलत नाहीं, असा कविसंकेत आहे. राणी धारिणी झोक्यावरून पडल्यामुळें तिचा पाय दुखावलेला, म्हणून ती आपल्याऐवजीं मालविकेला पाठविते. मालविका ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे खानदेशाची शेजारीणच. तिच्या पायाला सखी अळता लावते, नूपुर चढविते, आणि राजा आडून तें पाहत राहतो. पायाकडे ओढलें जाणारें मन कालिदासानें विकृत मानलेलें नाहीं. त्यानें तें राजाच्या ठिकाणीं दाखविलें व त्यावर विनोदहि केला. महाराष्ट्री प्राकृतांतल्या हालाच्या गाथासंग्रहांत तर एक घरगुती प्रसंग आहे. रुसलेल्या पत्नीच्या पायांवर नवरा लोळण घेतो, तोंच त्यांचें लहान मूल बापाच्या पाठीवर चढून बसतें, आणि दुःखांत असूनहि तिला हसूं फुटतें. दोन हजार वर्षांच्या सुमारास जुना असलेला हा संसार आजच्या कोणत्याहि घरांत शोभेल.

संस्कृत टीकाकारांनीं एक नियम सांगितला आहे: देवतांचें वर्णन पायांपासून वर करावें, मनुष्यांचें मस्तकापासून खालीं. भक्ति आणि प्रीति या दोन्ही वाटा पायाशीं भेटतात, पण निरनिराळ्या दिशांनीं येऊन. जळगांवहून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत हें डोळ्यांनीं पाहतां येतें. भिंतींवरच्या चित्रांत राजस्त्रियांच्या उघड्या पावलांची डौलदार ठेवण आहे, आणि २६व्या लेण्यांत सुमारें सात मीटर लांबीच्या बुद्धाच्या महानिर्वाणमूर्तीचीं शांत, एकावर एक टेकलेलीं पाउलें आहेत.

पुढें इंग्रजी अमदानींत शिष्टाचाराच्या नव्या कल्पना आल्या, आणि शरीराविषयींचें जुनें मोकळें बोलणें असभ्य ठरलें. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून कामविषयक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा मराठींत केली, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले तेहि बाबासाहेबच. पश्चिमेकडे हॅवलॉक एलिस यानें १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत पाय व पादत्राणें यांविषयींच्या आकर्षणाचा सविस्तर विचार केला होता. कोणाला केसांचें, कोणाला आवाजाचें, तसें कोणाला पायांचें आकर्षण असतें. आणि शरीराच्या निरनिराळ्या अंगांविषयींच्या अशा आकर्षणांत पायांचें आकर्षण विशेष आढळतें. असें कां, याचा पक्का उलगडा झालेला नाहीं. मेंदूच्या ज्या पट्ट्यांत स्पर्शाचा नकाशा आहे तेथें पायाची जागा जननेंद्रियांच्या जागेला लागून आहे, म्हणून एकीची संवेदना दुसरींत झिरपत असावी, असा तर्क डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनीं मांडला. तो तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु वैद्यकाचा निर्णय आज पुरेसा स्पष्ट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं २०१३ सालीं आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून अमलांत आलेल्या आपल्या रोगवर्गीकरणांत अशा नुसत्या आवडीला रोग मानण्याचें नाकारलें आहे. त्या आवडीमुळें स्वतःला यातना होत असतील किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तरच तो उपचाराचा विषय.

हें सांगणें अगत्याचें आहे, कारण न सांगितल्यानें नुकसान होतें. आपल्या मनांत कांहीं तरी विकृत आहे अशा समजुतीनें कित्येक तरुण आंतल्या आंत कुढतात, आणि भिंतींवर जाहिराती रंगविणाऱ्या भोंदू वैद्यांच्या हातीं पैसे मोजतात. पत्नीशीं मनमोकळें बोललें तर जी गोष्ट दोघांच्या हंशांत मिटेल, ती वर्षानुवर्षें गुपित राहून संसारांत भिंत होते.

मात्र आवड निर्दोष असली म्हणून ती बजावण्याची प्रत्येक रीत निर्दोष ठरत नाहीं. रेल्वेंत, बाजारांत अनोळखी स्त्रीच्या पायांकडे टक लावून पाहणें, चोरून छायाचित्र घेणें, ही त्या स्त्रीची विटंबना आहे. पाय जिचे, संमति तिची. चीनमध्यें शतकानुशतकें लहान मुलींचे पाय बांधून, बोटें मोडून, ते कळीएवढे ठेवण्याची चाल होती. १९१२ सालीं तेथल्या नव्या प्रजासत्ताकानें तिच्यावर बंदी घातली. पुरुषाच्या डोळ्याला जें मोहक, तें चालणारीला जन्माची वेदना होतें. १९७२ सालच्या 'पाकीज़ा' बोलपटांत रेल्वेच्या डब्यांत निजलेल्या नर्तकीच्या पायांची स्तुति करणारी चिठ्ठी एक अनोळखी प्रवासी ठेवून जातो. तो प्रसंग लोकांच्या इतका तोंडीं बसला आहे कीं, तीच नर्तकी शेवटीं फुटलेल्या कांचांवर नाचते व तेच पाय रक्तानें भरतात, हें सांगणारा मात्र क्वचित् भेटतो. तमाशाच्या फडांत रात्रभर पांच-पांच किलोंचे चाळ बांधून नाचणाऱ्या बाईचे घोटे सकाळीं कसे असतात, हें शिट्या वाजविणाऱ्यांनीं कधीं विचारलेलें नाहीं.

तेव्हां पूजा झाली, निंदा झाली, स्तुतिहि झाली. निगा तेवढी राहिली. वास्तविक आपलें जुनें वैद्यक या बाबतींत उदासीन नव्हतें. चरकानें रोजच्या दिनचर्येंत तळव्यांना तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत: खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरता त्यानें जाते. पादत्राणें वापरण्याचाहि त्यानें उपदेश केला. वाग्भटानें मस्तक, कान आणि पाय या तीन ठिकाणीं तेल विशेषेंकरून लावावें असें म्हटलें. सुश्रुतानें टाचांच्या भेगांना पाददारी, कुरुपाला कदर आणि चिखलानें सडणाऱ्या बेचक्यांना अलस अशीं नांवें देऊन त्यांचीं कारणेंहि नोंदविलीं. घराघरांत न्हाणीपाशीं वज्री असे, भेगांत भरावयास कोकमाचें तेल असे, उन्हाळ्यांत काशाच्या वाटीनें तळवे घासून घेत. आज त्या वाटीची जागा नखांच्या रंगाच्या बाटलीनें घेतली असेल तर तक्रार करण्याचें कारण नाहीं. शहरांतल्या तरुण मुली निदान आपल्या पायांकडे पाहूं लागल्या आहेत. प्रश्न त्यांच्या आयांचा आहे.

अमळनेरच्या शाळेंत १९२४ ते १९३० शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. न्हाऊन निघालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागूं नये म्हणून आई आपलें ओचें पसरते, आणि पायांना घाण लागूं नये म्हणून जपतोस तसें मनालाहि जप, अशा अर्थाचा उपदेश करते. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग मुलांना शिकविला गेला. धड्यांतून मन तेवढें लक्षांत राहिलें. लुगडें पसरून मुलाचें पाऊल झेलणारी बाई स्वतः कोठें उभी होती, तिच्या पायांखालीं काय होतें, हें विचारण्याची रीत पडली नाहीं.

आतां हा विचार केवळ हळवेपणाचा राहिलेला नाहीं. मधुमेह घरोघर पोंचला आहे, आणि त्याचा पहिला मार पुष्कळदां पायांवर पडतो. साखर वाढून राहिली कीं पायांच्या मज्जातंतूंची जाणीव मंदावते, रक्ताचा पुरवठा कमी होतो. खडा टोंचला, वहाणेनें घासलें, तरी कळत नाहीं. जखम चिघळते, आणि कित्येकदां पाय कापण्याची पाळी येते. महारोगांतहि असेंच घडतें. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, महारोग्याचीं बोटें बहुतांशीं रोगानें झडत नाहींत, दुःखच होत नसल्यामुळें झालेल्या इजांनीं झिजतात. म्हणून मऊ रबराच्या तळाच्या वहाणा त्या रोग्यांसाठीं प्रचारांत आल्या. जयपुरास १९६८ सालीं डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं तयार केलेल्या कृत्रिम पायाचा विशेष असा कीं, तो घालून उकिडवें बसतां येतें, शेतांत अनवाणी चालतां येतें. कापलेल्या पायाची अशी सोय झाली हें चांगलेंच. पण पाय कापावाच लागूं नये याची सोय घरांत होते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं अनवाणी चालण्याचा नवस करूं नये. केला असेल तर देवीला साकडें घालून तो बदलून घ्यावा. तापलेल्या रस्त्यानें भाजलें तरी बधिर तळव्याला तें समजत नाहीं. पाय रोज कोमट पाण्यानें धुवावे, पाणी किती ऊन आहे तें पायानें नव्हे, कोपरानें पाहावें. बेचकीं टिपून कोरडीं करावीं. भेगांना तेल लावावें, बेचक्यांत लावूं नये. नखें सरळ कापावीं. कुरूप पात्यानें कोरूं नये. वहाण घालण्यापूर्वीं उलटी करून झटकावी. खानदेशांत विंचवाच्या भीतीनें पुष्कळ लोक हें करतातच, त्याच सवयीनें खडाहि पडेल. रोज तळवा पाहावा, आणि स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावा.

साठी उलटलेल्या आईला वांकवत नाहीं, आणि आरशांतलें तिला नीट दिसत नाहीं. तेव्हां तिच्या पायां पडावयास रोज वांकणाऱ्या मुलानें वा सुनेनें क्षणभर तसेंच खालीं बसून तिची टाच हातांत घ्यावी, बोटें विलग करून उजेडांत पाहावीं. ती ओशाळून पाय आंखडून घेईल, 'पायांना काय पाहतोस' म्हणेल. तळव्यावर तांबडा ठिपका, फोड किंवा काळसर डाग दिसला तर दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. दुखत नाहीं असें ती सांगेल. न दुखणारी जखम असेल तर त्याच दिवशीं दाखवावें.